हवा

जयसिंगपुरात पत्ता सांगायला नाव लागत नाही, आकडा पुरतो. चौथी गल्ली, सातवी गल्ली, दहावी गल्ली. शाहू महाराजांनी १९१७ साली हे गाव वसवलं, त्याला आपल्या जन्मदात्या वडिलांचं, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचं नाव दिलं आणि रस्ते पट्टी ठेवून मारलेल्या रेघांसारखे सरळ आखून घेतले. इतके सरळ की आवाजालाही कुठे वळायला जागा नाही. गल्लीच्या या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाचा माणूस घराबाहेर पडावं की थांबावं ते ठरवतो. अशा गावात निवृत्तीनंतर पहाटे गच्चीवर बासरी शिकायला बसणं म्हणजे आपली अब्रू दोरीवर वाळत घालणं. मी ते आठ वर्षांपूर्वी सुरू केलं. हंगामात एक सोय असते. अंधार असतानाच उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात, ट्रॅक्टरवरचा टेप सगळ्या गल्ल्यांना पुरून उरेल इतका मोठा असतो आणि त्या गदारोळात माझा चुकलेला निषाद खपून जातो. कारखान्यांची धुराडी थंडावली की मात्र मी उघडा पडतो.

माझे गुरुजी मिरजेचे. मिरजेत गाण्याबजावण्याला कुणी नवल मानत नाही. तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी भोपळे कोरून तंबोरे करायला घेतले आणि आज गावाची ओळख तलवारीवर नाही, तंबोऱ्यावर आहे. गुरुजींच्या खोलीतला तंबोराही तिथलाच. पहिले चार महिने त्यांनी मला एकच स्वर दिला, षड्ज. वरची तीन भोकं झाकायची, खालची तीन मोकळी सोडायची आणि फुंकायचं. मी फुंकायचो, ते डोळे मिटून ऐकायचे आणि दर खेपेला तेच दोन शब्द म्हणायचे, "हवा येतेय."

बासरीवाल्याला याहून मोठी शिवी नाही. मुखरंध्राच्या कडेवर फुंक नेमकी बसली की सगळा श्वास स्वर होतो. जरा इकडेतिकडे झाली की निम्मा श्वास स्वर होतो आणि निम्मा फुस्स करत बाजूने निघून जातो. ती गळती म्हणजे हवा. ओठ सैल पडले, हवा. मन दुसरीकडे गेलं, हवा. पोटात आदल्या रात्रीचा मटणाचा रस्सा असला तरी हवा. चार महिन्यांनी एका सकाळी ती थांबली. स्वर निघाला आणि त्याच्याभोवती काहीच नव्हतं, सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखा तो नुसता होता. सात-आठ सेकंद टिकला असेल. तेवढा वेळ मला माझं नाव, गल्लीचा नंबर, पेन्शन, गुडघा यांतलं काही आठवलं नाही. याला अध्यात्म म्हणायचं असेल तर म्हणावं, माझी हरकत नाही.

हरकत आहे ती त्यानंतर जे झालं त्याला.

त्यानंतर माझी भाषा बदलली. "बासरी शिकतोय" असं सांगणारा मी "रियाज करतो" म्हणायला लागलो आणि वर्षभरात "साधना" या शब्दावर पोहोचलो. गुरुजींनी सुचवलेली तीस इंची, ई पट्टीची बासरी घेतली. तिला लाल रेशमी दोरा, तिच्यासाठी मखमली अस्तराची पेटी. एका बारशाला पाहुण्यांनी आग्रह केला, "एखादं गाणं होऊ द्या की." तेव्हा मी हसलो. त्या हसण्याची आजही मला लाज वाटते. ज्याला काही कळत नाही त्याच्याकडे बघून ज्याला थोडंसं कळतं तो जसा हसतो, तसं ते होतं. म्हणालो, "ही त्यासाठीची बासरी नव्हे." घरी परतताना रिक्षात बायको म्हणाली, "बासरीतली हवा गेली असेल, पण गेली ती सगळी डोक्यात."

लांबीचा हा गर्व बासरीत तसा जुना नाही. शंभर वर्षांपूर्वी बासरी म्हणजे वीतभर किंवा हातभर, जत्रेतली, गुराख्याची. आमच्या भागात मेंढरामागचा धनगर वाजवतो तो पावा. रागदारीच्या बैठकीत तिला पाट मांडला तो पन्नालाल घोषांनी. बारिसालमध्ये १९११ साली जन्मलेला हा माणूस लाठी आणि मुष्टियुद्ध खेळायचा, मुंबईत सिनेमाला संगीत द्यायचा. त्यांनी बासरी वाढवत वाढवत बत्तीस इंचांवर नेली, तीव्र मध्यमासाठी सातवं भोक पाडलं आणि खर्जात गाता येईल असा तिला गळा दिला. हे करून ते चाळिशीच्या उंबऱ्याशी, १९४७ साली अल्लाउद्दीन खाँसाहेबांसमोर शिष्य म्हणून जाऊन बसले. लांब बासरी त्यांना हवी होती, कारण आलाप आखूड बासरीत मावत नव्हता. आम्हाला लांब बासरी हवी असते, कारण ती लांब असते.

मागच्या दिवाळीत जपानात नोकरीला असलेला माझा भाचा आला आणि त्यानं एक पुडकं हातात ठेवलं. "मामा, तुमच्यासाठी शाकुहाची." जपानची बांबूची बासरी. आडवी नव्हे, उभी धरायची. समोर चार भोकं, मागे अंगठ्याला एक. नावाचा अर्थ नुसता मापाचा आहे. एक शाकू आणि आठ सुन, म्हणजे साधारण साडेचोपन्न सेंटिमीटर. आपल्याकडे गजाने कापड मोजावं तसं त्या मापाचं नाव वाद्याला पडलं. बांबूचं बूड, मुळांच्या गाठींसकट, खालच्या टोकाला ठेवतात. हातात घेतली तेव्हा गाठी होत्या, रंग होता, पेरं होती. नखाने वाजवून पाहिली आणि कळलं, प्लास्टिक. तो बिचारा म्हणाला, "खरी लाखाच्या घरात जाते मामा, शिकणारे हीच घेतात." मी "छान आहे" म्हणालो आणि पेटीत, मखमलीवर न ठेवता, पेटीच्या शेजारी ठेवली.

मग एकदा वाजवून पाहिली. वाजली नाही. वरच्या टोकाला काठ तिरका कापलेला असतो, हनुवटीने भोक अर्धं झाकून त्या काठावर फुंकायचं. आठ वर्षांची फुंक माझ्यापाशी होती, काठाला ती ओळखीची वाटेना. अकरा दिवस गच्चीवर नुसती सूं-सूं चालली. बाराव्या दिवशी शेजारच्या वहिनींनी खालून विचारलं, "काका, तुमच्या कुकरची रिंग गेली काय?"

वाजेना तेव्हा मी वाचायला लागलो. वाचण्याचा नाद वाईट, पण आमच्यासारख्यांना न येणाऱ्या गोष्टींत मान मिळवायचा तेवढाच मार्ग असतो. शाकुहाची ही झेन पंथाच्या कोमुसो नावाच्या भिक्षूंची. डोक्यावर विणलेली टोपली उलटी घातलेली, हनुवटीपर्यंत चेहरा झाकलेला. गावोगाव बासरी वाजवत भिक्षा मागायची. ते म्हणायचे, हे संगीतच नाही, हे फुंकण्यातलं ध्यान आहे. एका स्वरात बुद्धपद, असं त्यांचं सूत्र. वाचून मी सुखावलो. चार महिने एक षड्ज धरून बसलेल्या माणसाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

पुढचं वाचलं आणि चहा गार झाला. पुढे पुढे हा पंथ फक्त सामुराईंनाच घ्यायचा. शेतकऱ्याचा पोरगा कितीही एकाग्र फुंको, त्याला टोपली मिळायची नाही. या भिक्षूंना देशभर मोकळं फिरायची सवलत होती. ती कशाच्या जोरावर? तर १६१४ सालच्या एका फर्मानाच्या. तोकुगावा इएयासूनं, म्हणजे त्या शोगुन घराण्याच्या मूळपुरुषानंच ते दिलं, असं ते सांगत. ते फर्मान बनावट होतं, असं आज अभ्यासक मानतात. ज्याच्यापासून परंपरा सांगायची तो फुके नावाचा नवव्या शतकातला चिनी साधू तर घंटा वाजवत हिंडायचा, बासरीशी त्याचा संबंध नंतर जोडलेला. म्हणजे पंथाचा दाखलाही खोटा आणि मूळपुरुषाच्या हातात वाद्यही दुसरंच! १८७१ साली मेइजी सरकारनं पंथच बंद केला. एका हुकुमात टोपल्या उतरल्या. बासरी राहिली.

मला हसू आलं, पण ते बारशातलं नव्हतं. तलाठ्याकडे खोटा दाखला काढणारी माणसं मी बँकेच्या खिडकीतून पस्तीस वर्षं पाहिली आहेत. बहुतेकांची गरज खरी असायची. या भिक्षूंचीही असावी. युद्धं संपलेली, धनी नसलेले लढवय्ये, हातात एक बांबू. पोटासाठी बांबू वाजवतो म्हटलं तर भिकारी, मोक्षासाठी वाजवतो म्हटलं तर साधू. कुठला शब्द निवडला असेल हे सांगायला नको. आणि खोट्या दाखल्यावर मिळालेल्या त्या मोकळीकीत कुणीतरी खरंच फुंकत होतं, हीसुद्धा त्यातलीच गोष्ट. अठराव्या शतकात कुरोसावा किंको नावाचा वादक देवळादेवळांतून फिरला आणि त्यानं छत्तीस रचना गोळा केल्या. त्या आजही वाजतात. दाखला बनावट निघाला म्हणून त्यांतली एकही बेसूर झाली नाही.

दाखल्याची गरज आपल्याकडे नव्हती असं मात्र म्हणता यायचं नाही. जयसिंगपुरातून कुरुंदवाडला जायला अर्धा तास पुरतो. विष्णू दिगंबर पलुसकर तिथे १८७२ साली जन्मले. वडील कीर्तनकार. दत्तजयंतीच्या वेळी चेहऱ्याजवळ फटाका फुटून डोळे गेल्यासारखेच झाले, म्हणून मुलगा मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला बसला. पुढची हकिकत चरित्रांतून येते. संस्थानात कसलासा समारंभ होता, त्याचं बोलावणं विष्णूला आलं आणि त्याच्या गुरूला नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, तो काय, गवई. एवढा मोठा गायक दरबारी गरजेचा, पण पंगतीचा नाही. १८९६ साली पलुसकर मिरज सोडून निघाले आणि १९०१ साली लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांनी गाण्याला मान मिळवून दिला तो भक्तीचा हात धरून. बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून देवाचे घातले, शिकवण्याला प्रार्थनेची शिस्त लावली. त्यांच्यामुळेच माझ्या आईसारख्या घरातल्या मुलींना पेटीवर बोट ठेवता आलं. हे ऋण मोठं आहे. पण वाटतं, की गवयाला पंगतीत बसवण्यासाठी जे सोवळं नेसवलं गेलं, ते पंगत उठल्यावर कुणी सोडलंच नाही. आम्ही त्यातच वाढलो आणि कुणी "एखादं गाणं होऊ द्या" म्हटलं की आम्हाला विटाळ होतो.

शाकुहाचीकडे परत येतो, कारण तिनं माझी खरी अडचण केली ती वेगळ्याच बाबतीत. भाच्यानं पाठवलेल्या दुव्यावर मी यामागुची गोरो यांचं वादन ऐकलं. घरट्यातल्या क्रौंचांवरची रचना. पहिल्यांदा ऐकताना मी गुरुजींच्या आवाजात म्हणालो, "हवा येतेय." भरपूर येत होती. स्वर सुरू व्हायच्या आधी हवा, स्वर विझताना हवा, मध्येच सोसाट्यानं नुसती हवा. पुन्हा ऐकलं. ती गळती नव्हती. त्यांच्याकडे या सोसाट्याला नाव आहे, मुराइकी. ती शिकावी लागते, वर्षानुवर्षं घोटावी लागते. बांबूच्या बनातून वारा जातो तेव्हा तो काही शुद्ध षड्ज लावत जात नाही, हे त्यांनी वाद्यात घेतलं आणि आम्ही वाद्यातून काढलं. जी काढण्यात माझे चार महिने गेले आणि जी गेल्यावर मला ब्रह्म भेटल्यासारखं झालं, तीच आणायला तिथला शिष्य तितकेच महिने खर्ची घालत असेल. त्यातही त्यांच्यात दोन तट. बासरीची आतली नळी लुकण आणि लाख लावून गुळगुळीत करणारे, आणि आतून बांबू जसा असेल तसाच ठेवणारे. दुसरे पहिल्यांना मनातून कमी लेखतात. वाताझुमी नावाचा एक अवलिया तर आपल्या जाडजूड कच्च्या बांबूला शाकुहाची म्हणूनच घ्यायचा नाही, आणि वाजवण्याआधी दांडका फिरवून व्यायाम करायचा. आमच्या तालमीत शोभला असता.

यामागुचींचं तेच वादन १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घालून आकाशात पाठवलं गेलं. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, पण गाणं अल्लादिया खाँसाहेबांचं, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबाराचे गवई. म्हणजे ज्या राजानं आमच्या गल्ल्या आखल्या, त्याच्या पदरी वाढलेला सूर आणि टोपलीवाल्या भिक्षूंची बासरी एकाच तबकडीत शेजार करून आहेत. बाई रेकॉर्डिंगच्या बाबतीत फार हात राखून असत, ऐकायचं असेल तर समोर येऊन बसा असा खाक्या. व्हॉयेजरचं दुसरं उड्डाण ५ सप्टेंबरला झालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. तिकीट न काढता ऐकणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता म्हणतात. तिकडे आता कोण फुकट ऐकतंय कोण जाणे.

पौर्णिमेला मी वाडीला जातो. नृसिंहवाडी पूर्ण नाव, आम्हाला वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर उतरायच्या रस्त्याला पेढ्यांची, कवठाच्या बर्फीची दुकानं आहेत आणि त्यांच्यामध्ये एक बासरीवाला उभा असतो. खांद्यावरच्या काठीला साळिंदरासारख्या बासऱ्या खोचलेल्या, तोंडात एक, चाल कुठल्यातरी जुन्या सिनेमाची. मूळचा उत्तरेकडचा, पण तीस वर्षांत बोली पुरती आमची झालेली. एकदा न राहवून मी त्याला म्हणालो, "तुमचा मध्यम चढा लागतोय."

तो म्हणाला, "लागणारच की साहेब. चढा नसला तर गर्दीत ऐकू जातंय व्हय?"

माल पीलीभीतचा, असं त्यानं सांगितलं. तिथे घराघरांत बासऱ्या होतात, लालबुंद सळईनं भोकं पाडतात. बांबू मात्र तिथला नव्हे, आसामातून येतो, पातळ अंगाचा, लांब पेरांचा. माझी लाल दोऱ्याची साधनाही मूळची तिथलीच निघायची. शेजारच्या दुकानात रंगीत प्लास्टिकच्या बासऱ्या टांगल्या होत्या. मी सहज तिकडे बोट केलं तर त्याचा चेहरा असा झाला, की क्षणभर मला गुरुजींची आठवण झाली. "ते खेळणं हाय साहेब. त्यात जीव न्हाई." मी मान डोलावली. घाटावर वीस रुपये कमी करून मागणाऱ्या बाईला तो हेच सांगत होता, अगदी तळमळून, आणि मला पिशवीतल्या जपानी प्लास्टिकचं ओझं वाटायला लागलं.

आता समोरच्या घरातल्या पोराचं सांगतो. नववीत आहे. आठ वर्षं त्यानं माझा रियाज ऐकला, गल्लीच सरळ आहे, त्याला इलाज नव्हता. मळ्यात पाइपलाइन झाली तेव्हा उरलेला पीव्हीसी पाइप त्यानं उचलला, मोबाइलवर बघून मापं घेतली, गॅसवर सळई तापवून भोकं पाडली, एका टोकाला चपलेच्या रबराचं बूच मारलं आणि एका संध्याकाळी गच्चीवर येऊन म्हणाला, "काका, बघा की जरा."

करड्या रंगाचा पाइप. एका बाजूला कंपनीचं नाव छापलेलं, त्यातल्या एका अक्षरात नेमकं तिसरं भोक. मी म्हणालो, "वाजव." हवा अजिबात नव्हती. षड्ज स्वच्छ, पंचम स्वच्छ. मी मोबाइलवरचा ट्यूनर काढला आणि समोर धरला. का काढला, ते मला नीट माहीत आहे. तो एकेक स्वर वर चढत गेला, काटा मधोमध राहिला. तार षड्जावर काटा डावीकडे कलंडला. उतरा लागत होता, केसभर. मला बरं वाटलं.

"वरचा सा उतरा आहे," मी म्हणालो. "पाइपच आहे शेवटी. तुला बांबूची आणून देतो."

तो काही बोलला नाही. पाइपच्या तोंडातून आत डोकावून पाहिलं, दप्तरातून पेन्सिल आणली, ती बाहेरच्या बाजूनं घालून रबराचं बूच किंचित आत सरकवलं, मुखरंध्राच्या जवळ. बूच आत गेलं की वरचं सप्तक चढतं. हे मला तिसऱ्या वर्षी गुरुजींनी शिकवलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा त्याच मोबाइलनं सांगितलं असेल. खाली रस्त्यानं एक रिकामी ट्रॉली खडखडत गेली, ती दूर जाईपर्यंत तो थांबला. मग पाइप ओठांना लावला.

"आता?" त्यानं विचारलं.

मी ट्यूनर खिशात ठेवला होता. "परत एकदा," म्हणालो.